एकदाच विचारणारी मेस

लातूरच्या कॉलेजांच्या कँटीनमध्ये हल्ली पाट्या लागल्यात म्हणे. कशात किती कॅलरी, कशात लोह, कशात नुसताच मैदा. चांगलंय की! पाटी वाचत वाचत पोरं वडापावच खातात, ती गोष्ट वेगळी. आमच्या सौदामिनीबाईंना कुणी या पाट्यांचं कौतुक सांगितलं, की त्या सगळं ऐकून घेतात, चष्मा पुसतात आणि एवढंच विचारतात, "ते खरं हो, पण वाढतं कोण?" समोरच्या बिचाऱ्याला काय माहीत, बाई कुठल्या दिवसांत जाऊन बसल्यात ते!

ते दिवसच तसे होते. लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. थोरल्या घरातून वेगळा निघालेला धाकटा भाऊ कसा खिशात दमडी नसली तरी नवा फेटा बांधून गावभर फिरतो, तसा सगळ्या गावाचा थाट. नव्या कचेऱ्या, नव्या जीपगाड्या, दुकानांच्या पाट्यांवर जुनं 'जि. उस्मानाबाद' खोडून नव्या रंगात 'जि. लातूर'. आणि नळाला पाणी नाही! पावसानं लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. टँकरचा भोंगा वाजला की साहेबाचा शिपाई आणि वाण्याची सून एकाच रांगेत घागर घेऊन उभे. त्या रांगेतल्या ओळखी पुढे कितीतरी वर्षं टिकल्या, सोयरिकीसुद्धा झाल्या. आता बाटलीतलं पाणी पिणाऱ्यांना सांगून पटायचं नाही.

सौदामिनीबाई तेव्हा ऐन उमेदीत होत्या. मूळच्या नांदेडच्या. आई लहानपणीच गेली. वडील हेडमास्तर, भला माणूस, पण घरातही शाळाच चालवायचे. जेवताना मुलांना एकदा विचारायचे, "भात हवा?" हवा तर हो म्हणायचं, नको तर नको, आणि नको म्हटलं की पातेलं झाकलं. पुन्हा विचारणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास, असं त्यांचं म्हणणं. बाई त्याच तालमीत वाढल्या. अंगानं काडी. कुणी म्हटलं, "बाई, तुम्ही खातच नाही काही," तर अभिमानानं सांगायच्या, "मला मुळातच भूक कमी."

लातूरच्या कॉलेजात त्या गृहविज्ञान शिकवायला आल्या आणि वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याच गळ्यात पडली. बाकीच्या प्राध्यापिकांना घरसंसार होता, या एकट्या. एकट्या बाईला काय काम असतं, असं लोकांना वाटतंच.

वसतिगृहाची मेस म्हणजे पत्र्याची लांबट खोली. भुईवर पट्ट्या अंथरायच्या, मुली समोरासमोर बसायच्या आणि सिद्धम्मा वाढायची. ही सिद्धम्मा निलंग्याकडची, हाताला चव आणि जिभेला धार. पहिल्याच आठवड्यात बाईंनी मेसच्या मागे उष्ट्याची बादली पाहिली. अर्ध्या अर्ध्या भाकऱ्या, कालवलेला भात, भिजून फुगलेलं सगळं. बाईंचं डोकंच फिरलं. खेड्यापाड्यात माणसं मुठीनं ज्वारी मोजून शिजवतायत आणि इथं हे!

दुसऱ्या दिवशी मेसच्या भिंतीवर बाईंच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं गेलं, 'हवे तेवढे घ्या. घ्याल तेवढे संपवा.' सिद्धम्माला ताकीद मिळाली, "एकदाच विचारायचं. नको म्हटलं की पुढे जायचं. बळजबरी करायची नाही."

"बरं झालं," सिद्धम्मा म्हणाली. "माझं तरी तोंड दुखायचं वाचलं."

आणि काय सांगू, बादली रिकामी झाली! मुली शिस्तीत बसायच्या, शिस्तीत उठायच्या. बाई प्राचार्यांना कौतुकानं सांगून आल्या. फक्त एक कोडं सुटेना. कॉलेजच्या फाटकावर गुंडप्पाचा गाडा असायचा. खारी, बटर, भजी आणि पाकासारखा गोड चहा. जेवणाची घंटा होऊन तासभर झाला नाही, तोच अख्खं वसतिगृह गाड्याभोवती. कालच्या तेलात तळलेली भजी मुली अशा खायच्या, की बघणाऱ्याला वाटावं यांना कुणी कोंडून ठेवलं होतं.

बाईंनी ठरवलं, मुलींना पौष्टिक काय ते कळत नाही. कळायला हवं. झालं, रंगीत खडूंचे तक्ते लागले. ज्वारीत काय, अंबाडीच्या भाजीत काय, शेंगदाण्याच्या चटणीत काय. गुंडप्पाला फाटकावरून हलवलं. तो शहाणा मागच्या भिंतीपलीकडे जाऊन उभा राहिला आणि मुलींनी दोरीला टोपली बांधून भजी वर ओढायला सुरुवात केली. तक्ते वाऱ्यावर फडफडत राहिले.

या मुलींत एक होती शिवकांता. लातूरजवळच्या मुरुडची, लिंगायताची. वडील गुरुपादप्पा, मुरुडच्या बाजारपेठेत किराणा दुकान आणि गावाबाहेर थोडं शेत. शिवकांता अबोल, हुशार, डोळे कायम पुस्तकात. आहारशास्त्राच्या पेपरात तर पहिली आली. कोणत्या पालेभाजीत काय असतं, हे झोपेत विचारलं तरी सांगेल. आणि हीच पोरगी एका सकाळी प्रार्थनेला उभी असताना धाडकन खाली कोसळली. पायरीचा कोपरा कपाळाला लागला, रक्त आलं.

डॉक्टरांनी डोळ्याची पापणी खाली ओढून बघितलं आणि म्हणाले, "हिच्या अंगात रक्तच नाही. खाते काय ही?"

बाईंची मान खाली गेली. गृहविज्ञानाच्या बाई आणि त्यांच्याच वसतिगृहातली पोर उपासमारीनं पडते! म्हणतात ना, दिव्याखाली अंधार, तो हा.

त्यांनी शिवकांताला गोळ्या दिल्या, गूळ-शेंगदाणे दिले, समजावलं, रागावल्या. ती मान डोलवायची. मेसमध्ये मात्र एका भाकरीवर उठायची. सिद्धम्मानं विचारलं की ताटावर हात आडवा. "नको. पुरे." थोड्याच दिवसांत पोरगी पुन्हा पडली, या वेळी भर वर्गात.

गुरुपादप्पा आले. पांढरं धोतर, काळा कोट, कपाळाला भस्म. "शरणार्थ, बाई," म्हणून हात जोडले आणि ऑफिसातल्या खुर्चीच्या अगदी कडेला बसले. आवाज चढवला नाही, तेच बाईंना जास्त लागलं.

"बाई, पोरगी शिकावी म्हणून धाडली. गावातले लोक हासले मला. म्हनले, पोरीच्या जातीला एवढं शिकवून काय करून राहिलास? म्या म्हनलो, मास्तरीन करनार. पन अशी वाळून चालली तर काय करावं? येळवशीला घेऊन जातो. ट्रंकासकट."

"शेवटचं एकच वर्ष राहिलंय, अप्पा!"

"जीव ऱ्हायला तर वर्ष," ते म्हणाले. दाराशी उभ्या शिवकांतानं पुस्तक छातीशी इतकं घट्ट धरलं होतं, की बाईंना तिच्याकडे बघवेना.

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. लातूरकरांचा हा सण बाहेरच्याला सांगून कळत नाही. त्या दिवशी शहरात चिटपाखरू दिसत नाही. दुकानं बंद, कचेऱ्या ओस, सगळं गाव शेतात. कडब्याच्या कोपीत, म्हणजे लहानशा खोपटात पूजा आणि मग झाडाखाली पंगत. ज्याला शेत नाही त्याला दहा जणांचं बोलावणं. आदल्याच दिवशी अप्पा शिवकांताला ट्रंकेसकट घेऊन गेले होते. येळवशीच्या सकाळी बाई मुरुडच्या एसटीत बसल्या. बोलावणं नव्हतं. पण येळवशीला बोलावणं लागतं थोडंच? त्यांना फक्त एवढंच करायचं होतं, पोरीला आणि तिच्या ट्रंकेला परत आणायचं.

शेतात ज्वारी गुडघ्याशीच थबकली होती, कणसं नावालाच. कोप गेल्या वर्षीच्या कडब्याची, लहानशी. पण पार्वतम्मानं, म्हणजे शिवकांताच्या आईनं, कमी काही केलं नव्हतं. हरभऱ्याचा पाला, तुरीचे दाणे, जे हिरवं मिळालं ते घालून शिजवलेली भज्जी, बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, मडक्यात आंबलेली गारेगार अंबील. दुष्काळ होता म्हणून काय झालं, येळवस ती येळवस!

बाईंना आणि शिवकांताला शेजारी शेजारी बसवलं. पार्वतम्मानं विचारलं, "बाई, उंडा घेता नं?"

"हो, द्या," बाई लगेच म्हणाल्या.

पार्वतम्मा क्षणभर बघतच राहिली. पंगतीतल्या एका म्हातारीनं तोंडाला पदर लावला. पाहुणी बाई पहिल्या हाकेला हो म्हणते, हे त्या पंगतीनं पहिल्यांदाच पाहिलं असावं. मग पार्वतम्मा लेकीकडे वळली. शिवकांतानं ताटावर हात आडवा धरला.

"नको आई. पुरे."

बाईंना वाटलं, झालं. पण पार्वतम्मा हलली नाही. "घे गं, गरम हाय."

"नको, खरंच पुरे."

"माझ्या हातचा एवढा एक. आता परत कधी व्हनार येळवस?"

आणि काय चमत्कार! शिवकांताचा हात बाजूला झाला आणि ताट अलगद पुढे सरकलं. उंडा पडला, त्यावर भज्जी पडली. पुन्हा तेच. नको, नको, आणि तिसऱ्यांदा ताट पुढे. वाळलेली, अशक्त, भूक नसलेली ती पोरगी बाईंच्या डोळ्यांदेखत पोटभर जेवली, अंबील प्याली आणि चक्क ढेकर दिला.

जेवणं झाल्यावर बाईंनी तिला बांधावर गाठलं. "अगं, मेसमध्ये तू एका भाकरीवर उठतेस! इथं एवढं जेवलीस. मग तिथं काय होतं तुला?"

शिवकांता पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाई, तिथं एकदाच इचारतात."

"म्हणजे?"

"एकदा इचारल्यावर लगेच हो कसं म्हनायचं? हपापल्यावानी दिसतं. दुष्काळातून आली, खायला मिळालं न्हाई वाटतं घरी, असं म्हनतील सगळ्या. दोनदा नको म्हनायचं असतं. मग मानूस तिसऱ्यांदा इचारतं. सिद्धम्मा तोवर पुढं जाती."

बाई तिथंच बांधावर बसल्या. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. पण यात पोरींचा काय दोष? जन्मभर ज्या रीतीनं जेवल्या त्याच रीतीनं त्या 'नको' म्हणत होत्या आणि कुणीतरी आणखी दोनदा विचारेल म्हणून वाट बघत होत्या. आणि इकडे बाई त्या नकोला नको समजून शिस्तीची शाबासकी घेऊन आल्या होत्या. अख्खं वसतिगृह उपाशी उठत होतं आणि मग भिंतीवरून भजी ओढत होतं. गुंडप्पा काही आग्रह करत नव्हता, पण तिथं वाढप नव्हतं, पैसे टाकून घ्यायचं, म्हणून लाजही नव्हती. आपल्या तक्त्यांची बाईंना इतकी शरम वाटली, की त्या हसायलाच लागल्या.

निघताना त्यांनी गुरुपादप्पांना गाठलं. "अप्पा, हिला परत पाठवा."

"तिथं तिला खाऊ घालनारं कोन हाय, बाई?"

"मी आहे. मी विचारीन तिला. तीनदा."

गुरुपादप्पा हसले नाहीत. ज्याला ती रीत ठाऊक, त्याला ते हसण्यासारखं वाटतही नाही. वाळलेल्या रानाकडे बघत ते म्हणाले, "पोरीला घेऊन जावा. ट्रंक इथंच ऱ्हाऊ द्या. म्या येऊन बघतो, मग ठरवू."

परत आल्यावर बाईंनी भिंतीवरचं ते टपोरं वाक्य ओल्या फडक्यानं पुसून टाकलं आणि सिद्धम्माला नवा हुकूम दिला. सिद्धम्माचा भडका उडाला.

"अय्यो शिवने! आदी म्हनल्या एकदा इचार, आता म्हनून राहिल्या तीनदा. माझ्या तोंडाला काय मोटार बसवली हाय?"

"बरं, मग मी वाढते," म्हणून बाईंनी पदर खोचला.

आणि फजिती झाली ती काय विचारता! बाईंना आग्रह येतच नव्हता. कधी कुणी केला असेल तर येईल ना! त्या ताटापुढे उभ्या राहून परीक्षेतल्या प्रश्नासारखं विचारायच्या, "भाकरी घेणार का? घेणार का? घेणार का?" मुली फिदीफिदी हसल्या. सिद्धम्मा चुलीपुढून बघत होती. तिला राहवेना.

"सरका बाई. असं इचारतात व्हय? फौजदार आल्यावानी!" तिनं परात ओढून घेतली आणि पहिल्या मुलीसमोर बसलीच. "ए माय, ही भाकर बघ, एकटी बसली ताटात. तिला सोबत नको? घे, अर्धी घे. अर्धी म्हंजे काय, पुरी फुगलेली हाय, मोडवत न्हाई मला. जाऊ दे, पुरीच घे."

पंगत खदखदली आणि ताटं पुढे सरकू लागली. सिद्धम्माची ती कला इतके दिवस बाईंच्याच हुकमानं बंद पडली होती. बाई तिच्या मागोमाग अंबाडीची भाजी घेऊन निघाल्या. लसणाची फोडणी, वरून करडईचं तेल. एका साहेबाच्या मुलीनं पहिल्यांदा नको म्हटलं, दुसऱ्यांदा म्हटलं, तिसऱ्यांदाही तोंड वाकडं केलं. "मी असलं नाही खात." बाई पुढे गेल्या. तिसरा नकार खरा, तो मानायचा, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी मात्र त्या तिच्यासमोर पुन्हा उभ्या राहिल्या. कधीतरी तिनंही बोटभर भाजी चाखली आणि पुढे तीच सिद्धम्माकडे पातेल्याच्या तळाची खरपुडी मागायला लागली.

हळूहळू टोपल्या भिंतीवरून चढायच्या थांबल्या. गुंडप्पा एके दिवशी स्वतःच फाटकात आला. "बाई, काय जादूटोना केलाव पोरीवर? कुनी येईनाच." बाईंनी त्याला आत बोलावलं आणि जेवायला बसवलं. त्यानंही दोनदा नको म्हटलं, आता काय सांगायचं!

शिवकांताला मात्र बाईंनी डोळ्यांत तेल घालून राखलं. तिला कधी घाईत सोडलं नाही. तिच्या गालांवर रंग आला, जिना चढताना धाप लागेना. तरी ट्रंक मुरुडलाच होती आणि तिचे कपडे दोरीवर, नाहीतर कुणाच्या तरी उसन्या पेटीत. रोज फाटक वाजलं की ती दचकायची.

गुरुपादप्पा आले ते ऐन जेवणाच्या वेळी. अगोदर कळवलं नव्हतं. लेकीला भेटलेही नाहीत, थेट मेसच्या दारात उभे. बाईंनी त्यांना पंगतीच्या टोकाला पाट दिला. शिवकांता समोरच्या रांगेत, भाकरीचा घास हातातच.

बाईंनी त्यांच्यापुढे परात धरली. "अप्पा, भाकरी."

"नको बाई, घरून जेवून निघालो."

"मुरुडहून निघालात त्याला किती वेळ झाला! घ्या."

"नको, खरंच नको." गुरुपादप्पांची नजर बाईंवर रोखलेली. पण या वेळी शब्द कुठूनसे आपोआप आले.

"अप्पा, तुमच्या लेकीच्या घरी आलात. उपाशी गेलात तर तिनं कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

गुरुपादप्पांनी मान खाली घातली. मग त्यांनी ताट पुढे केलं. जेवले, अगदी सावकाश. लिंगायतांच्या रीतीनं ताट थोड्या पाण्यात धुऊन ते पाणी पिऊन टाकलं, कणसुद्धा ठेवला नाही. हात पुसत दाराशी गेले आणि रस्त्याच्या दिशेनं ओरडले, "आन रे ट्रंक आत!"

ट्रंक टांग्यातच होती. येतानाच घेऊन आले होते, मनुष्य बेरकी!

शिवकांता शेवटच्या वर्षात पास झाली. वसतिगृह सोडायच्या दिवशी दुपारी सगळ्या मुलींची पंगत उठली. बाई नेहमीसारख्या शेवटी स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच चतकोर भाकरी खात होत्या. शिवकांता दारात येऊन बघत राहिली.

"बाई, खाली बसा. वाढते."

"नको गं. झालं माझं."

"एक भाकर घ्या."

"नको. मला मुळातच भूक कमी."

शिवकांता हलली नाही. भाकरी हातात घेऊन तशीच समोर बसली आणि म्हणाली, "बाई, माझ्यासाठी."

बाईंच्या डोळ्यांपुढे नांदेडचं ते घर आलं. झाकलेलं भाताचं पातेलं आणि त्याच्याकडे बघत गप्प बसलेली एक लहान पोर. हेडमास्तरांनी एकदाच विचारलं होतं आणि ती नको म्हणाली होती, आणि मग जन्मभर तिनं आपली भूक कमी आहे असंच धरून चाललं होतं. तिला तिसऱ्यांदा कुणी विचारलंच नव्हतं. बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. त्या खाली बसल्या, ताट पुढे केलं आणि त्या दुपारी पोट भरेपर्यंत जेवल्या.

त्याला आता किती वर्षं झाली. सिद्धम्मा गेली, पत्र्याची मेस पाडून तिथं मोठी इमारत झाली, शिवकांताबाईही शाळेतून निवृत्त झाल्या. सौदामिनीबाई नांदेडला असतात. सरजाबाई त्यांचा स्वयंपाक करते, कामाला वाघ, पण घाईची. "आजी, भाजी वाढू का?" विचारते, बाई नको म्हणतात आणि ती पातेलं उचलते. मग बाई ताटावरचा हात न काढता तिला थांबवतात.

"थांब गं, सरजा. अजून दोनदा विचारायचं राहिलंय."